गप्प बसण्याचं पदक

नौदलातला मोठा अधिकारी आमच्या सोसायटीत राहायला येणार अशी बातमी आली, तेव्हा मुलुंड पूर्वेच्या त्या तीन मजली इमारतीत दुसरा विषयच उरला नाही. लढाईत पदक मिळवलेला माणूस म्हणजे झुपकेदार मिशा असणार, अंगावर येणारं कुत्रं असणार आणि रोज सकाळी जिन्यात उभं राहून तो सगळ्यांना शिस्त लावणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. आमच्या वॉचमनने तर धसक्याने चपला सोडून बूट घेतले. प्रत्यक्षात टेम्पोतून उतरले ते किरकोळ अंगाचे, चष्मा लावलेले, मिशा सफाचट असलेले एक गृहस्थ. कुत्रं नव्हतं. हातात तेलाची बुधली होती, शिवणयंत्राला तेल घालतात तसली. सामान वर चढायच्या आधी त्यांनी आमच्या फाटकाच्या बिजागरीत तेल सोडलं, फाटक उघडून मिटून पाहिलं, आणि समाधानाने मान हलवून बायकोला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते कोणालाच ऐकू आलं नाही.

पुढे सगळी वर्षं हेच चाललं. कमांडरकाका बोलायचे आणि ते काय म्हणाले हे आम्ही एकमेकांना विचारायचो.

त्यांची उभी नोकरी पाणबुडीत गेली होती. पाण्याखाली आवाज लांबवर जातो, आणि वरच्या जहाजावर कान लावून बसलेल्या शत्रूला खाली पडलेला चमचासुद्धा ऐकू जातो, असं ते सांगत. त्या सवयीने त्यांचा आवाज कायमचा खाली बसला होता. पोरासोरांनाही ते अहो-जाहो करायचे आणि तेही इतक्या हळू की पाच वर्षांचं पोर आपल्याला काहीतरी गुपित सांगतायत अशा समजुतीने त्यांच्या मांडीवर चढायचं. दार कधी आपटायचे नाहीत. शिंक आली तर नाक दाबून ती आतल्या आत जिरवायचे आणि डोळ्यांत पाणी आणून बसायचे. काकू म्हणायच्या, "एक दिवस कवटी फुटेल तुमची, पण शेजारच्यांना कळणार नाही." काकू मात्र तुमच्या-आमच्यासारख्या बोलायच्या, देवाची कृपा, नाहीतर त्या घराशी आमचा संबंध कागदावर लिहूनच ठेवावा लागला असता.

आणि या शांत माणसाच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, राहत होते माझे बाबा.

बाबा कापड गिरणीत विव्हिंग मास्तर होते. शेकडो मागांच्या खडखडाटात समोरच्या माणसाला धागा तुटलाय हे सांगायचं तर ओरडण्यावाचून इलाज नाही. पंचवीस-तीस वर्षं तसं ओरडून ओरडून बाबांचा गळा कमावल्यासारखा झाला होता. "जरा मीठ दे" असं ते म्हणाले की खालच्या मजल्यावरून मीठ यायचं. मग गिरण्यांचा संप झाला, तो मिटता मिटेना, आणि बाबांची गिरणी बंदच पडली. माग थांबले, पण आवाज तसाच राहिला. एवढा मोठा आवाज आणि तो घालायला दोन खोल्या आणि एक गॅलरी. त्या काळात बाबा सगळ्यांशी भांडायचे. दूधवाल्याशी, पेपरवाल्याशी, रेडिओवरच्या बातम्यांशी. समोरचा जे म्हणेल त्याच्या उलट म्हणायचं, हा त्यांचा शिरस्ता. पाऊस पडेल असं आई म्हणाली की बाबा छत्री घरी ठेवून जायचे.

कमांडरकाकांनी एके दिवशी आमची बेल वाजवली. हातात सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे होते. ते हळूच म्हणाले, "आपली परवानगी असेल तर खुर्च्यांच्या पायांना लावतो. वर खुर्ची सरकली की खाली मला बसल्या जागी दचकायला होतं." बाबा उसळले. "माझ्या घरात माझी खुर्ची मी ओढणार! हवी तेवढी ओढणार! कोण अडवतो बघतो!" काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. बाबांचं संपायची वाट पाहिली. बाबांना दम लागला तेव्हा ते खाली बसले आणि एकेका पायाला रबर लावून, दोऱ्याने घट्ट बांधून, चहा न पिता निघून गेले. नंतर बाबांनी मुद्दाम खुर्ची पकडून भिंतीपर्यंत ओढत नेली. आवाजच आला नाही. फसवलं गेल्यासारखा चेहरा करून ते कितीतरी वेळ त्या खुर्चीकडे बघत उभे राहिले.

असे हे दोघं. सोसायटीच्या लोकांनी मात्र हुशारी केली. कमांडरकाकांना चेअरमन केलं. पूर्वी आमच्या सभा म्हणजे मासळीबाजार बरा. काका चेअरमन झाल्यावर ते विषयपत्रिका वाचायला लागले की अख्खी सभा पुढे वाकायची, कानामागे हात धरायची, आणि ऐकायचं म्हटल्यावर आपोआप गप्प बसायची. माणसं दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतायत, हे दृश्य मी आयुष्यात तिथेच प्रथम पाहिलं. पाण्याच्या टाकीचा वाद, जो आधीच्या तीन चेअरमनना संपवून उरला होता, तो एका संध्याकाळी मिटला.

पाणीटंचाईचा तर काकांवर काहीच परिणाम व्हायचा नाही. महापालिकेने पाणी तोडलं की आम्ही बादल्या घेऊन धावायचो, आणि काका एका तांब्यात आंघोळ करून, भांग पाडून, पांढरा शर्ट घालून गॅलरीत पेपर वाचत बसलेले असायचे. पेपरही घडी घालून घालून पोस्टकार्डाएवढा केलेला. पाणबुडीत पेपर पूर्ण उघडला तर तो शेजाऱ्याच्या तोंडावर जातो. दोन खोल्यांच्या घरात त्यांना इतकी ऐसपैस जागा मिळाल्यासारखं वाटायचं की ते एका खोलीतच राहायचे. काकूंनी हौसेने डबलबेड घेतला होता. काका त्याच्या अगदी कडेला, एका हातभर जागेत, कुशीवर झोपायचे. "उरलेल्या पलंगावर काय करू, वाळवण घालू?" असं काकू विचारायच्या.

पण सगळ्यात गंमत हळदीकुंकवाला यायची. पाणबुडीत म्हणे दहा माणसं एकदम पुढच्या बाजूला गेली तर नाक खाली जातं. मग कोणीतरी मागे जाऊन तोल सांभाळायचा. काकूंकडे हळदीकुंकू असलं आणि सोसायटीतल्या सगळ्या बायका पुढच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या की काका मुकाट्याने उठून स्वयंपाकघराच्या शेवटच्या भिंतीला टेकून बसायचे. आम्हाला वाटायचं लाजतात. एकदा काकूंनीच सांगितलं, "लाजत नाहीत गं. बिल्डिंग पुढे कलेल म्हणून मागे बसलेत." आम्ही हसून हसून लोळलो, आणि मग वाण घेऊन निघताना प्रत्येकीने स्वयंपाकघरात डोकावून "काका, आता या पुढे, आम्ही निघालो" असं सांगायची पद्धतच पडून गेली.

कान मात्र काय तिखट होते त्या माणसाचे! डोळे मिटून बसायचे आणि जिन्यात कोण चढतंय ते सांगायचे. पंपाचं बेअरिंग जाणार हे पंपवाल्याच्या आधी त्यांना कळायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या पायात पाणी झालंय हे त्यांनी आजींच्या सुनेला सांगितलं, का तर म्हणे पावलं जड पडतायत. डॉक्टरकडे नेलं तर खरंच. लोक त्यांना पाठीमागे 'पाणबुडे' म्हणायचे आणि तेही त्यांना ऐकू जायचं.

आता ते पदक. ते कधी कोणी पाहिलं नव्हतं. काकूंच्या कपाटात शालींच्या खाली होतं एवढंच ठाऊक. एका सव्वीस जानेवारीला मुलांनी हट्टच धरला की यंदा झेंडावंदनानंतर काकांनी लढाईची गोष्ट सांगायची. माइक भाड्याने आणला. पदकसुद्धा आलं, काकूंनी आणून स्वतः त्यांच्या शर्टाला लावलं. अंगणात सतरंज्या घातल्या, पोरं पुढे बसली, कोणी टॉर्पेडो सोडतोय, कोणी बुडतोय, असा नुसता गोंधळ. काका माइकपुढे उभे राहिले, बोलायला लागले, आणि माइकमधूनही काही ऐकू येईना. माइकवाल्याने बटण पिळलं, तशी माइकने अशी किंकाळी फोडली की काका दोन पावलं मागे सरकले. शेवटी माइक बंद केला आणि आम्ही सगळे जवळ सरकून बसलो.

त्यांनी सांगितलं ते असं. एकाहत्तरच्या लढाईत त्यांची पाणबुडी शत्रूच्या किनाऱ्याजवळ होती, आणि वर शत्रूची जहाजं त्यांना शोधत फिरायला लागली. मग त्यांनी पाणबुडी समुद्राच्या तळाला नेऊन टेकवली आणि सगळं बंद केलं. इंजिन बंद, पंखे बंद. माणसांनी जिथे असेल तिथे बसून राहायचं. स्वयंपाक्याच्या हातात डाव होता, तो खाली ठेवला तर आवाज होईल म्हणून त्याने तो तसाच धरून ठेवला. वरून जहाजाच्या पाणी कापणाऱ्या पंख्याचा आवाज यायचा, जवळ यायचा, लांब जायचा. हवा जड झाली. एका पोरसवदा खलाशाला उचकी लागली, तेव्हा काकांनी त्याला छातीशी धरलं, त्याचं तोंड आपल्या शर्टात दाबलं आणि तसेच बसून राहिले. वरची जहाजं कंटाळून निघून जाईपर्यंत.

"मग?" एका मुलाने विचारलं.

"मग आम्ही वर आलो."

"तुम्ही टॉर्पेडो नाही मारला?"

"नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गप्प बसलो."

"मग पदक कशाचं?"

"त्याचंच," काका म्हणाले.

मुलांचे चेहरे एकदम पडले. एवढ्यात मागून बाबांचा आवाज आला, "गप्प बसण्याचं पदक! अहो, मग आमच्या वर्गणी थकवणाऱ्यांना दोन-दोन द्या की, विचारायला गेलं की तेही गप्पच बसतात!" सगळं अंगण हसलं. काकाही हसले, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे फक्त खांदे हलले. मग म्हणाले, "अवघड असतं हो ते. बघा करून." आणि त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून गप्प बसायला सांगितलं. आम्ही बसलो. आधी काहीच नाही. मग हळूहळू ऐकू यायला लागलं. कोणाच्या तरी घरात उकळणारं दूध. झेंड्याच्या दोरीची काठीवर टकटक. लांबच्या कारखान्याचा भोंगा. शेजारी बसलेल्या आईचा श्वास, जो मी लहानपणानंतर ऐकलाच नव्हता. मला का कोण जाणे, रडायलाच आलं. "झालं का?" बाबांनी ओरडून विचारलं, आणि सगळे डोळे उघडून पुन्हा हसत सुटले.

माझी गोष्ट त्यानंतरची.

मी तेव्हा घाटकोपरच्या एका बँकेत नोकरीला होते. तिथेच जयवंत होता, माझ्या शेजारच्या काउंटरला. वेसाव्याचा कोळ्यांचा मुलगा, वडिलांची स्वतःची बोट. आमचं जमलं होतं. कोणालाही कळू दिलं नव्हतं आणि आमच्या घरी कळलं तर काय होईल याचा विचारही मी करत नव्हते. अंडं घरात आलं तर आई ते भांडं वेगळं ठेवायची, मग मासे पकडणाऱ्यांच्या घरात मुलगी देणं तर लांबच राहिलं. जात वेगळी, ताट वेगळं, सगळंच वेगळं.

एका संध्याकाळी जिना चढताना काका त्यांच्या दारात उभे होते. म्हणाले, "तुम्ही हल्ली वळणावर थांबता."

"अं?"

"पावलं थांबतात. मग दुसऱ्याच माणसाची पावलं वर जातात." पुढे म्हणाले, "घरात शिरण्याआधी चेहरा बदलता का?"

मी बदलत होते. जयवंतशी बोलून आलेला चेहरा पुसून घरचा चेहरा लावायची ती माझी जागा होती. आईला, मैत्रिणीला, कोणाला न सांगितलेलं सगळं मी त्या दारात उभी राहून काकांना सांगून टाकलं. काकूंनी आत बोलावून चहा दिला. काका म्हणाले, "वडिलांना सांगून टाका. ते ओरडले तर उलट बोलू नका. तळाला टेकून बसा."

मी बाबांना सांगितलं. त्या दिवशी बाबा जे ओरडले ते आमच्या इमारतीचे जुने रहिवासी अजून सांगतात. "मी जिवंत असेपर्यंत हे होणार नाही!" हे वाक्य रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत, गिरणी चालू असताना ऐकू गेलं. मी म्हटलं, "बरं, बाबा." ते चमकले. पुन्हा ओरडले. मी म्हटलं, "चहा टाकू?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी जयवंतचं नाव घेत नव्हते, सोडणार असंही म्हणत नव्हते, रडत नव्हते, जेवणावर रुसत नव्हते. बाबा वाद घालायला यायचे आणि समोर वादच नसायचा. महिना होत आला तसे बाबा खंगले. आईला म्हणाले, "ही भांडत का नाही? भांडली तर मी हिला पटवीन ना!" शेवटी खुद्द कमांडरकाकांकडे तक्रार घेऊन गेले. ही सगळी त्यांचीच शिकवणी आहे, हे बाबांना कुठे ठाऊक!

मला मात्र भीती वाटायची. तळाला बसणं ठीक, पण हवा संपत चालली होती. जयवंतसाठीही स्थळं येत होती. बाबा नाही म्हणाले तर पळून जाऊन लग्न करायची माझी तयारी नव्हती. बाबांशिवाय लग्न मला नकोच होतं. त्यांचा आवाज मांडवात नसेल तर ते लग्न कसलं?

इकडे काका स्वतः मध्यस्थ म्हणून वेसाव्याला जाऊन आले. पांढरा शर्ट, हातात काकूंच्या बेसनाच्या लाडवांचा डबा. जयवंतने आपल्या आईच्या कानावर घातलं होतं, पण वडिलांशी फक्त काकांनीच बोलायचं, लग्न पक्कं ठरेपर्यंत घरच्या कोणी तोंड उघडायचं नाही, असा काकांचा हुकूम होता. ते खूश होऊन परत आले. "फार सज्जन गृहस्थ," ते म्हणाले. "मी सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. स्वतः मला बोटीवर नेलं, अख्खी बोट दाखवली. त्यांची पूर्ण तयारी आहे." मग ते बाबांकडे गेले. "मुलाकडचे तयार आहेत. आपल्याला नकार द्यायचा असेल तर निदान स्वतः जाऊन द्यावा. सभ्य माणसं आहेत."

"देतोच! तोंडावर देतो!" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि तूही चल. तुझ्यासमोर देतो."

रविवारी सकाळी बाबा, काका आणि मी असे आम्ही तिघं बसेस बदलत वेसाव्याला पोचलो. बाबा वाटभर नकाराची तालीम करत होते आणि कंडक्टर तिकीट द्यायचं सोडून ऐकत होता. जयवंतचं घर खाडीच्या बाजूला. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते, आणि त्याचे वडील, सगळे त्यांना नाखवा म्हणायचे, खाली बसून जाळं विणत होते. उघडे, धिप्पाड, पांढऱ्या केसांचे. जयवंत आणि त्याची आई दारात उभे होते. जयवंतला हुकमाप्रमाणे तोंड उघडायचं नव्हतं, त्याने नुसते हात जोडले.

काका पुढे झाले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हे मुलीचे वडील. त्यांना आपल्याशी बोलायचंय."

नाखवांनी हसून मान डोलावली. "हो, हो. या, या. बोट परत बगाची ना? चला."

काका गोंधळले. आणखी हळू आवाजात काहीतरी म्हणाले. नाखवांनी आणखी जोरात मान डोलावली आणि बोटीकडे निघायला उठले. तेव्हा बाबांचा धीर सुटला.

"बोट कसली? मी मुलीचा बाप आहे! तुमच्या मुलाचं आणि हिचं लग्न होणार नाही, हे सांगायला आलोय मी!"

अंगणातले कावळे उडाले. नाखवा थबकले, आणि त्यांचा चेहरा दिवा लागल्यासारखा उजळला. "हां! आता आयकू आला! असा बोला ना मोठ्यानं! कोनाचा लगीन?"

जयवंतची आई दाराला धरून हसायला लागली. "जन्म गेला यांचा इंजिनापाशी," ती मला म्हणाली. "कान गेलं सगलं. आमीपन हातवारं करून सांगताव. त्या दिशी मी बाजारान, मना वाटला सायबांनी सांगला आसंल."

वडिलांना ऐकू येत नाही हे जयवंतने मला कधी सांगितलं नव्हतं, आणि काका किती हळू बोलतात हे मी त्याला. उलगडा झाला तो असा. काका मागच्या वेळी तासभर जे बोलले त्यातलं एक अक्षरही नाखवांच्या कानात शिरलं नव्हतं. नौदलातला रिटायर साहेब, हातात लाडवांचा डबा, म्हणजे जुनी बोट विकत घ्यायला आलाय, असं त्यांनी ठरवलं होतं. "येवडा हलू बोलनारा मानूस," ते बाबांना म्हणाले, "मना वाटला, भाव पाडाया आलाय!"

पाण्याखाली मैलांवरचं जहाज ओळखणारा माणूस समोर बसलेल्याला आपलं ऐकूच येत नाहीये, हे ओळखू शकला नव्हता. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण बघायला वेळ कोणाला होता? नाखवांनी लग्नाची बातमी आत्ता प्रथमच ऐकली होती, आणि ती त्यांना अजिबात पसंत नव्हती.

"नाय जमाचा!" नाखवा गरजले. "तुमची पोरी शिकलेली, बामनाची. म्हावरा खात नाय, साफ कराची नाय. आमचे घरान काय करल ती?"

बाबांनी नकार द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आपल्या आधी दुसऱ्याने नकार दिला हे त्यांना आयुष्यात खपलं नव्हतं.

"काय करेल म्हणजे? बँकेत नोकरी आहे तिला! दहा माणसांचं घर सांभाळेल!"

"दर्याचा वास सोसल तिला?"

"अहो, गिरणीतून मी यायचो तेव्हा माझ्या कपड्यांना तेलाचा वास यायचा! लहान असल्यापासून गळ्यात पडायची माझ्या ती! वासाचं काय सांगता?"

"आमी मोठ्यानं बोलताव! घाबरल!"

"घाबरेल? माझी मुलगी? माझ्या घरात वाढलीय ती!"

आजूबाजूच्या घरांतून माणसं बाहेर आली. त्यांना वाटलं, मारामारी जुंपणार. पण जवळ येऊन बघतात तर दोघांचेही चेहरे फुललेले. नाखवांना कितीतरी वर्षांनी समोरच्याचं सगळंच्या सगळं ऐकू येत होतं. आणि बाबांच्या पूर्ण आवाजाने कोणी दचकत नव्हतं, कोणी 'हळू' म्हणत नव्हतं, उलट "काय बोललाव? परत बोला!" म्हणून जवळ सरकत होतं. गिरणी बंद पडल्यापासून बाबांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. ते बोलता बोलता नाखवांबरोबर खाली बसले, जाळ्याचं एक टोक त्यांनी हातात घेतलं, गाठ कशी मारली ते बघितलं, "हा धागा कुठला? नायलॉनचा ना? ताण कसा धरता?" असं मध्येच विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा माझी तारीफ करायला लागले. मला शिवण येतं, हिशेब येतो, मी कधी उलट बोलत नाही, महिनाभर मी एका शब्दाने भांडले नाही, अशी मुलगी दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही. माझ्याबद्दल एवढं चांगलं ते कधी माझ्यासमोर बोलले नव्हते.

नाखवांनी शेवटी जाळं बाजूला ठेवलं. "तुमी येवडा बोलताव, तर मंग ठरला समजू?"

"ठरलं!" बाबा म्हणाले आणि नाखवांनी पुढे केलेल्या हातावर त्यांनी सणसणीत टाळी दिली.

आणि मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. माझ्याकडे बघितलं. मी हसत होते आणि रडत होते. जयवंतकडे बघितलं, तो अजूनही हुकमाप्रमाणे तोंड मिटून उभा होता, फक्त कानापर्यंत लाल झाला होता. शेवटी त्यांनी कमांडरकाकांकडे बघितलं. काका पाठ फिरवून खाडीतल्या बोटी बघत उभे होते, आणि त्यांचे खांदे हलत होते.

परतीच्या बसमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत. मांडीवर नाखवांच्या बायकोने बळेच दिलेला नारळ, आणि नजर खिडकीबाहेर. मला पुन्हा भीती वाटायला लागली. घरी पोचल्यावर विचार बदलला तर? समोरच्याने हो म्हटलं की यांनी नाही म्हणायचं, हीच तर सवय.

सोसायटीच्या फाटकात आलो. काका काकूंना सांगायला म्हणून झपझप वर गेले. इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बाबा नकार द्यायला गेलेत हे सकाळीच साऱ्यांनी ऐकलं होतं, त्यांनीच ऐकवलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून आजींनी विचारलं, "काय हो, दिलात का नकार?"

बाबा अंगणात मध्यभागी उभे राहिले. नारळ या हातातून त्या हातात घेतला. आई आमच्या गॅलरीत दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती. बाबांनी खाली मान घातली आणि ओठातल्या ओठात म्हणाले, "ठरलं."

कोणालाच काही कळलं नाही. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. आजी आपल्या सुनेला विचारत होत्या, "काय म्हणाले? काय म्हणाले?"

तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कमांडरकाका आले. जिन्यातली पावलं ओळखणारा तो माणूस, पंपाचं दुखणं भिंतीआडून ऐकणारा. त्यांनी कानामागे हात धरला, कठड्यावरून पुढे वाकले आणि जन्मात पहिल्यांदा साऱ्या इमारतीला ऐकू जाईल एवढा आवाज काढून म्हणाले, "जरा मोठ्यानं सांगा हो! मला ऐकू आलं नाही!"

बाबांनी वर बघितलं.  मग त्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि छाती भरून श्वास घेतला.

"माझ्या मुलीचं लग्न ठरलंय! वेसाव्याला! सगळ्यांनी यायचं!"